साडेतीन सेंटिमीटर

महाड-पोलादपूरच्या पट्ट्यात जो तो आपली वस्तू वर कशी जाईल हे बघतो. महाडच्या बाजारपेठेतला मुरलेला दुकानदार दुकान थाटताना आधी माळा बांधतो, गल्ल्याचं मग बघतो. सावित्रीची धोका पातळी साडेसहा मीटर, हा आकडा इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतो. २०२१च्या जुलैत पाणी पहिल्या मजल्याला लागलं. तेव्हापासून नवं घर बांधणारा गवंड्याला पहिला प्रश्न विचारतो तो जोत्याचा, आणि गवंडी सांगेल त्यावर स्वतःच्या पदरचे दोन फूट चढवतो. वॉशिंग मशीन ओट्यावर, फ्रीज चौरंगावर, इन्व्हर्टर तर पार वाशाला. इतिहास काढलात तरी तेच. शिवरायांनी राजधानीसाठी जागा हेरली ती ८२० मीटरवरची.

अशा मुलखात आमच्या पुतण्यानं पदरचे पैसे मोजून आपली मोटार साडेतीन सेंटिमीटर खाली आणली.

मोटार म्हणजे फोक्सवॅगन पोलो जीटी. रंग लाल, मालक दुसरा. पुतण्याच्या मते ही स्पोर्ट्‌स कार आहे, कारण हिचं इंजिन टर्बो आहे आणि ताकद १०५ अश्वशक्तीची. आमचे दादा, म्हणजे त्याचे वडील, हे मानत नाहीत. त्यांच्या मते स्पोर्ट्‌स कारला दोनच दारं असतात आणि ती सचिनकडे असते. २००३ साली सचिनच्या फेरारीवरची कस्टम ड्युटी माफ करण्यावरून केवढा गहजब झाला होता, ते दादांना अजून तारीखवार आठवतं. ड्युटीवरून भांडण झालं नाही ती कसली स्पोर्ट्‌स कार, असा त्यांचा सवाल. मी मध्ये पडून गोव्यात बनणाऱ्या सॅन स्टॉर्मची आठवण काढली. दोन सीटं, उघडं टप, अगदी आपल्या शेजारची स्पोर्ट्‌स कार. "मग ती कुठं गेली?" दादांनी विचारलं. बंद पडली, म्हणालो. "बघ!" दादा पुतण्याकडे वळून म्हणाले. वहिनींनी मात्र वाद एका वाक्यात मिटवला. "मागच्या सीटवर बसलं की गुडघे हनुवटीला लागतात, म्हणजे स्पोर्ट्‌स कारच आहे ती."

तर या गाडीत पुतण्याला एक खोट दिसली. चाकाच्या वर, टायर आणि पत्रा यांच्यामध्ये म्हणे फार गॅप आहे. त्यानं आम्हाला अंगणात उभं करून त्या फटीत बोटं घालून दाखवली. चार बोटं सहज जात होती. पाचवंही गेलं असतं, पण ते अंगठा असल्यामुळे मोजायचं नसतं.

"दोनच बोटं जायला हवीत, काका."

"का?"

"स्टान्स येतो."

वहिनी दारातून ऐकत होत्या. "भातात पाणी बोटानं मोजतात तशी गाडीपण मोजतात होय?" म्हणाल्या आणि आत गेल्या. जाताना "करपवू नकोस म्हणजे झालं" असंही काहीतरी ऐकू आलं.

आता यातली गंमत बघा. ही गाडी २०२२पर्यंत आपल्या चाकणला बनत होती. युरोपात विकायची पोलो थोडी बसकी आणि आपल्याकडची थोडी उंच, कारण कंपनीच्या इंजिनिअरांनी इथले रस्ते डोळ्यांनी पाहिले होते. म्हणजे जर्मन माणसानं डोकं लावून, हिशेब करून जी उंची आपल्याला वाढवून दिली, ती काढून टाकायला आमचा माणूस पुन्हा पैसे मोजणार! कायदाही वाटेत आडवा होताच. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम सांगतं, की कारखान्यानं ठरवून दिलेल्यापेक्षा गाडीत वेगळे फेरफार करू नका. केलेत तर प्रत्येक फेरफाराला ५,००० रुपये दंड, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दोन्ही. मी हे चष्मा लावून मोठ्यानं वाचून दाखवलं. "स्प्रिंगा चार," मी म्हणालो, "म्हणजे फेरफार एक की चार?" यावर पुतण्या म्हणाला, "काका, साडेतीन सेंटिमीटर कोण मोजतंय?" ज्या माणसानं गेला महिनाभर दुसरं काही मोजलं नव्हतं, त्याचा हा प्रश्न.

स्प्रिंगा कुरिअरनं आल्या. रंग गाडीला शोभेल असाच लाल. खोक्यात एक माहितीपत्रक होतं, ते जर्मनमध्ये. मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे स्प्रिंग म्हटलं की मला रॉबर्ट हूक आठवतो. या गृहस्थानं आपला सुप्रसिद्ध नियम १६७६ साली अक्षरांची मोडतोड करून कोड्यात छापला आणि उलगडा केला तो थेट १६७८ साली. आमचं माहितीपत्रक अजून १६७६मध्येच होतं. "काका, तुम्ही तर स्प्रिंग शिकवायचात," या एका आधारावर पुतण्यानं मला कामाला जुंपलं. मी शिकवायचो ती स्प्रिंग स्टँडला लटकवलेली, बोटाएवढी, आणि तिला टांगायचं वजन शंभर ग्रॅमचं. ही स्प्रिंग कमरेशी धरावी लागत होती.

माझ्याकडे आलेलं काम मात्र भौतिकशास्त्राचं नव्हतं. बॅटरी धरायची होती.

बॅटरी धरणं हे काम ज्यानं केलं नाही त्याला ते सोपं वाटतं. घरातल्या प्रत्येक दुरुस्तीत एक करणारा असतो आणि एक बॅटरी धरणारा. काम फसलं तर दोष बॅटरीवाल्याचा आणि जमलं तर बॅटरीवाला तिथे नव्हताच. शिवाय करणारा गाडीखाली असतो, त्याला जिथं बघायचंय ती जागा आपल्याला दिसत नाही, आणि आपल्याला जी दिसते तिथं त्याला काही काम नसतं.

"काका, इकडे."

मी इकडे केली.

"इकडे म्हणजे माझ्या इकडे."

मी त्याच्या इकडे केली.

"डोळ्यांत नको!"

पुढे पुढे मी एक युक्ती शोधली. बॅटरी हळूहळू गोल फिरवत राहायचं. प्रत्येक फेरीत एकदा तरी उजेड योग्य जागी पडतो आणि तेवढ्या वेळात त्यानं आपलं काम उरकून घ्यावं. दीपगृहं याच तत्त्वावर चालतात, असं मी त्याला सांगितलं. गाडीखालून उत्तर आलं नाही.

सुरुवात मागच्या चाकांपासून झाली. या गाडीत मागे स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा. शॉकअपचा खालचा बोल्ट काढला, अॅक्सल खाली दाबला, की स्प्रिंग हातात येते. दोन्ही स्प्रिंगा चहा निवायच्या आत निघाल्या, नव्या बसल्यासुद्धा. पुतण्याच्या चेहऱ्यावर तेज आलं. गॅरेजवाले उगाच पैसे उकळतात, हे वाक्य त्यानं याच वेळी उच्चारलं. घरच्या कारागिराचा हा सर्वांत धोक्याचा क्षण. स्वयंपाकात पहिली पोळी फुगली की नवशिका लगेच पाहुण्यांना बोलावून मोकळा होतो ना, तोच हा क्षण.

आता गाडी मागून बसलेली आणि पुढून होती तशीच. संध्याकाळ झाल्यामुळे ती त्याच अवस्थेत रात्रभर अंगणात राहिली, आणि सकाळी दूधवाल्यापासून ग्रामपंचायतीच्या शिपायापर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकानं एकच प्रश्न विचारला, "डिकीत काय सिमेंट भरलंय काय वो?"

पुढच्या चाकांची गोष्ट निराळी. पुढे स्प्रिंग शॉकअपवरच चढवलेली असते, ती दाबून बसवलेली, वरून नटानं बंद केलेली. हा पूर्ण जोड गाडीतून बाहेर काढायचा, मग स्प्रिंग शिकंज्यात आवळायची, मग वरचा नट सोडायचा. त्याआधी लिंक रॉडचा नट. कोकणातला पाऊस लोखंडावर किती प्रेम करतो हे बघायचं असेल तर हा नट बघावा. त्याचे सहा कोन होते, असं पुतण्या म्हणत होता. मला तो गोलच दिसला. त्यावर रॉकेल टाकलं, हातोडीनं ठोकलं, वाट बघितली. मग पान्याच्या दांड्याला पाइप लावायचं ठरलं. पाइप शोधताना विहिरीवरच्या पंपाचा जुना तुकडा मिळाला आणि त्यासोबत पंप दुरुस्त करायला आलेला माणूसही मिळाला, कारण तो तुकडा त्याला हवा होता. त्याचं काम थांबलं, म्हणून तो बघत थांबला. तो थांबला म्हणून वरच्या आळीतले दोघे थांबले.

पोलादपुरात गाडीचं चाक निघालेलं दिसलं की माणसं जमतात, त्यासाठी आमंत्रण लागत नाही. त्यातल्या निम्म्यांचा कोणीतरी भाऊबंद मुंबईत कुर्ल्याला गॅरेजात असतो आणि उरलेल्यांनी ते गॅरेज बाहेरून पाहिलेलं असतं.

"काय झालं? शॉकअप गेला?"

"नाही."

"मग स्प्रिंग तुटली?"

"नाही, चांगली आहे."

"मग काढता कशाला?"

या प्रश्नाचं उत्तर 'स्टान्स' असं चारचौघांत द्यायला धीर लागतो. पुतण्यानं घाटात गाडी कमी झुकावी, वळणावर पकड मिळावी, गुरुत्वमध्य खाली यावा असं बरंच समजावलं. सगळं खरं होतं. ऐकून एक वयस्क गृहस्थ म्हणाले, "आमच्या यष्टीचा गुरुत्वमध्य टपावर असतो. पन्नास वर्षं आंबेनळी चढतीय."

तेवढ्यात दहाचा पाना हरवला. तो हरवतोच. आठचा हरवत नाही, बाराचा हरवत नाही. गाडीतले निम्मे बारीकसारीक बोल्ट दहाच्या पान्याचे करून ठेवणारा आणि दहाचा पाना हरवून ठेवणारा विधाता एकच असावा. पाना शोधण्यात जमलेल्यांनी मनापासून मदत केली, त्यामुळे चौदाचाही गेला.

महाडहून स्प्रिंग दाबायचा शिकंजा उसना आणला होता. दोन लांब आटेदार दांडे, त्यांना चार आकडे. स्प्रिंगच्या दोन बाजूंना लावायचे आणि आळीपाळीनं थोडं थोडं आवळायचं. एकीकडे जास्त आवळलं तर आकडा सटकतो, आणि मग स्प्रिंग जिकडे वाटेल तिकडे जाते. कारण तिच्यात गाडीचं एका कोपऱ्याचं वजन पेलण्याचा जोर दाबून ठेवलेला असतो, म्हणजे काही शे किलोंचा. एवढं एक वाक्य मी हूकला स्मरून जमलेल्यांना सांगितलं. त्याचा परिणाम चांगला झाला. स्प्रिंग जसजशी दबत गेली, तसतसे सल्लागार मागे सरकत गेले. आधी गोठ्यापाशी, मग कुंपणापाशी, मग रस्त्यापलीकडच्या पारावर. सल्ला मात्र थांबला नाही, फक्त आवाज वाढला. "डावा आवळाऽऽ!" असं पारावरून ऐकू येई आणि समोरच्या बाजूला बसलेला माणूस डावा म्हणजे कोणाचा डावा, यावर शेजाऱ्याशी भांडे. मीही बॅटरी घेऊन तुळशीवृंदावनाच्या मागे उभा राहिलो. उजेड पोहोचत होता.

स्प्रिंग सटकली नाही. वरचा नट सोडला, तर त्याच्यासोबत आतला दांडाही फिरायला लागला. दांडा धरायला वेगळी चावी लागते, ती नव्हती. माहितीपत्रकात तिचं चित्र होतं, जर्मनमध्ये. याच वेळी आमच्या नाक्यावरचे मेस्त्री मोटारसायकलवरून जाता जाता थांबले. गाडीवरून उतरले नाहीत. त्यांनी पानपराग तोंडात एका बाजूला घेतला, जॅक बघितला, जॅकशेजारी आधार म्हणून रचलेले जांभ्याचे चिरे बघितले, आणि विचारलं, "खाली कोण शिरणार हाय?"

"मी," पुतण्या म्हणाला.

"चिरा सांगून फुटत नाय. घोड्या न्या माझ्याकडच्या. चावी पण न्या." आणि किक मारून गेले. त्या गर्दीत एवढी तीनच वाक्यं कामाची निघाली, आणि ती फुकटात मिळाली म्हणून घरात कोणी त्यांची किंमत धरली नाही. पुतण्यानं मात्र निमूट जाऊन लोखंडी घोड्या आणल्या. चिऱ्यांवर मग सल्लागार बसले.

त्यानंतर काम सुरळीत झालं, म्हणजे एकच शॉकअप दोनदा उतरवावा लागला, कारण पहिल्या खेपेला स्प्रिंगचं टोक खालच्या वाटीतल्या खाचेत बसलं नव्हतं. शेवटचे बोल्ट गाडी चाकांवर उभी करून मगच आवळायचे असतात, नाहीतर रबरी बुश कायमचे पिळलेले राहतात. म्हणून गाडी खाली घेतली. खाली घेतल्यावर गाडी इतकी खाली होती, की बोल्टापर्यंत हात जाईना. मग चाकांखाली फळ्या घालून ती पुन्हा वर घेतली. ज्यासाठी एवढा अट्टाहास केला, त्याच्यावर मात करायची पहिली पाळी ही अशी लगेच आली.

अखेर बोटं घालून मोजणी झाली. दोन बोटं! पुतण्याचे डोळे भरून आले. दादांना बाहेर बोलावलं. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, चाकाला बूट लावून बघितला आणि म्हणाले, "हवा कमी आहे."

हाच अभिप्राय पुढे सार्वत्रिक ठरला. पंपावर पेट्रोल भरताना पोरगा आपणहून नळी घेऊन धावतो. नाक्यावर माणसं हात करून थांबवतात, "मागचं टायर बसलंय बघा." एका भल्या माणसानं तर पाठलाग करून गाठलं. स्टान्स आहे, हे पुतण्यानं सुरुवातीला सांगून बघितलं. आता तो "हो, भरतो" म्हणतो आणि पुढे जातो. दादांची शंका वेगळीच. "उंची कमी केलीस," ते म्हणाले, "मग काढलेल्या मालाचे पैसे परत मिळाले का?"

आता हिशेब. ही गाडी मुळात जमिनीपासून साधारण १६५ मिलिमीटर वर. त्यातून ३५ गेले, उरले १३०. इंडियन रोड्‌स काँग्रेसचा दंडक सांगतो, की गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, वर गोलाई असावी. म्हणजे सरकारी गतिरोधकावरून रिकामी गाडी तीन सेंटिमीटर राखून जाते. कागदावर पुतण्याचं बरोबर आहे. पण आमच्याकडचे गतिरोधक काँग्रेसनं घातलेले नाहीत. ते एखादी बकरी गाडीखाली गेली, की त्याच रात्री गावानं घातलेले असतात, आणि त्यांची उंची बकरीच्या किमतीवर ठरते. त्यातून अंगण ते रस्ता हाच पहिला घाट. दर खेपेला जुन्या काँक्रीटवर नवं काँक्रीट ओतून गावातला रस्ता इतका वर गेलाय, की घरं रस्त्याच्या पोटात शिरलीत. तिथून गाडी बाहेर काढायला दोन फळ्या टाकाव्या लागतात. फळ्या पुढेही लागतील म्हणून त्या डिकीत कायमच्या ठेवल्या. फळ्यांच्या वजनानं गाडी आणखी अर्ध्या बोटानं बसली. पुतण्या खूश झाला.

स्प्रिंग आखूड केली की ती कडकही करावी लागते, नाहीतर प्रत्येक खड्ड्यात गाडी तळाला आपटेल. त्यामुळे आता प्रत्येक खड्ड्याची वर्दी थेट पाठीच्या मणक्याला जाते. आमच्या महामार्गाचं रुंदीकरण २०११पासून चालू आहे, तेव्हा वर्दी देणाऱ्यांना तोटा नाही. "आधी खड्डा दिसायचा," वहिनी म्हणतात, "आता कळतो." आंबेनळी घाटात वळणावर गाडी खरोखर झकास चिकटून जाते, पण तिच्यापुढे कायम एक यष्टी असते आणि ती वीसच्या वेगानं महाबळेश्वरला निघालेली असते. घाटातली माकडं पूर्वी गाडीच्या टपावर बसायची. आता ती कठड्यावरूनच टपाला हात लावून बघतात. पुतण्याच्या गाडीला साजेसा असा रस्ता आमच्या भागात एकच सापडला, कशेडीचा बोगदा. गुळगुळीत, सरळ, बकऱ्या नाहीत. रविवारी तो पोलादपूरच्या बाजूनं शिरतो, खेडच्या बाजूनं बाहेर पडतो, वळतो आणि परत येतो. पेट्रोल जाळून एवढं काय बघून आलास, असं दादांनी विचारलं. "कोरा रस्ता," तो म्हणाला. यावर दादाही गप्प बसले.

गेल्या गणपतीत मूर्ती पेणहून आणायची होती. आम्ही चौघं हौसेनं बसलो, तर गाडी अंगणातच टेकली. वहिनी उतरल्या, मी उतरलो, दादा "मी मुळीच जाड नाही" असं म्हणत उतरले. शेवटी पुतण्या एकटा पेणला गेला, मूर्ती शेजारच्या सीटवर पट्टा लावून बसवून आणली. आम्ही सारे नाक्यावर स्वागताला. पोलादपुरात शिरताना जो गतिरोधक आहे, तो त्यानं असा तिरका, एकेक चाक चढवत, इतक्या हळू पार केला, की लोकांना वाटलं मिरवणूकच चाललीय. कोणीतरी ताशा वाजवायला घेतला.

पुन्हा गणपती जवळ आलेत, चाकरमानी गाड्या भरभरून निघतील, म्हणून मुंबई-गोवा महामार्गावरून येणाऱ्या सर्वांना आमच्या घरातर्फे विनंती. पोलादपूरच्या अलीकडे एक लाल गाडी गतिरोधकावर आडवी होऊन जवळपास थांबलेली दिसली, तर मागून हॉर्न वाजवू नये. तिच्या टायरमध्ये हवा पुरेशी आहे. आणि तिच्या थोडं पुढे एक म्हातारा, त्याचा धाकटा भाऊ आणि हातात उकडीच्या मोदकांचा डबा घेतलेली एक बाई रस्त्यानं चालत जाताना दिसली, तर कृपया गाडी थांबवून त्यांना बसा म्हणू नये. ती त्याच गाडीतली आहेत.